पाठवणाऱ्याची फाइल, उघडणाऱ्याची जोखीम

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या निर्यातदाराचा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, घाटकोपरच्या सीएकडे जुलैअखेर लोटणारे फॉर्म सोळा आणि बँक स्टेटमेंट, बोरिवलीच्या गृहनिर्माण सोसायटीचे देखभाल बिल, मुलुंडच्या भाडेकरूचा लीव्ह अँड लायसन्स करार. उपनगरांतला कागदोपत्री व्यवहार आता मुख्यतः ईमेलला जोडलेल्या फाइलींतून चालतो. फाइल पाठवताना मजकुराच्या जागी पुष्कळदा तीनच अक्षरे असतात, ‘पीएफए’. म्हणजे फाइल जोडली आहे, पाहून घ्या. ती कसली आहे, कोणी मागितली होती, उघडून पुढे काय करायचे, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. सायबर सुरक्षेचा जो उपदेश गेली पंचवीस वर्षे चालू आहे, तोही याच पाहणाऱ्याला उद्देशून असतो: अनोळखी फाइल उघडू नका, शंका आली तर डिलीट करा, सावध राहा. हा उपदेश खोटा नाही. पण तो अपुरा आहे आणि ओझे चुकीच्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो. जोडलेल्या फाइलींमुळे झालेले नुकसान एकत्र मांडून पाहिले, तर फाइल सुरक्षित ठरेल की नाही याचा निकाल बहुतांशी ती पाठवली जाते तेव्हाच आणि पाठवणाऱ्या कार्यालयाच्या शिस्तीनेच लागतो, असे माझे मत बनले आहे. खऱ्या फाइली जितक्या ढिसाळपणे पाठवल्या जातात, तितक्या सहज खोटी फाइल त्यांच्यात मिसळून जाते. त्यामुळे फाइल नीट पोहोचणे आणि ती निर्धोक असणे हे दोन वेगळे विषय मानू नयेत.

ईमेलमधून फाइल पाठवण्याची आजची पद्धत १९९२ मध्ये आलेल्या ‘माइम’ या प्रमाणावर उभी आहे. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड हे त्याचे कर्ते. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेला होता. चित्र, आवाज, छापील पान यांना अक्षरांच्या रूपात बदलून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा पूर्ववत करायचे, ही त्यांची युक्ती. पण पाठवणारा कोण, फाइलीत काय, याची खातरजमा करण्याची कोणतीही सोय त्या प्रमाणात नव्हती, आणि त्या काळी कोणाला तिची गरजही वाटली नाही. ती गरज सात वर्षांतच दिसली. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या फाइलीतून पसरला. ज्याचा संगणक बाधित होई त्याच्या यादीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर तो स्वतःच मेल पाठवी. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने तीच वाट रुंद केली. त्या फाइलीच्या नावात शेवटून दुसरे पद ‘टीएक्सटी’ होते आणि अगदी शेवटचे ‘व्हीबीएस’. विंडोज शेवटचे पद लपवत असे, त्यामुळे लोकांना दिसली ती साधी मजकुराची फाइल. प्रत्यक्षात तो चालणारा प्रोग्राम होता. या दोन प्रकरणांनी सांगितलेली गोष्ट आजही लोकांच्या पचनी पडलेली नाही. दोन्ही वेळा फाइल अनोळखी माणसाकडून आली नव्हती. ती सहकाऱ्याच्या, मित्राच्या, गिऱ्हाइकाच्या खऱ्या खात्यावरून आली होती. ‘अनोळखी फाइल उघडू नका’ हा नियम जन्मतःच तोकडा होता. आणि विंडोज आजही, आपण सेटिंग बदलत नाही तोवर, फाइलनावाचे ते शेवटचे पद लपवूनच दाखवते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ते दिसते करणे हे प्रत्येक कार्यालयाने आजच करण्याजोगे काम आहे.

मुंबईपुरते बोलायचे तर सर्वांत बोलके उदाहरण बँकेचे आहे. जुलै २०१६ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे १७ कोटी डॉलर परस्पर वळवले गेले. सुरुवात झाली ती रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या एका मेलपासून. एका कर्मचाऱ्याने त्याला जोडलेली फाइल उघडली आणि तिच्यातून शिरलेल्या प्रोग्रामने आंतरराष्ट्रीय पैसे पाठवण्याच्या यंत्रणेपर्यंत वाट काढली. पैसा वाचला तो फाइल ओळखण्याच्या चतुराईमुळे नव्हे. खात्यांचा ताळा लावताना रकमेतला फरक लगेच लक्षात आला, तातडीने कळवाकळवी झाली आणि रक्कम परत मिळवता आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेश बँकेला हे नशीब लाभले नाही. तिथे सुमारे ९५ कोटी डॉलर पळवण्याचा बेत होता आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधल्या खात्यांत पोहोचले. अमेरिकेच्या न्यायखात्याने पुढे दाखल केलेल्या तक्रारीनुसार त्या चोरांनी बँकेच्या लोकांना नोकरीसाठी अर्ज करणारे मेल पाठवले होते, रेझ्युमे पाहण्याची विनंती करणारे. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पुण्याच्या क्विक हीलच्या ‘सेक्राइट’ प्रयोगशाळेने भारतातल्या सहकारी बँकांवर चाललेला असाच प्रयत्न उघड केला: रिझर्व्ह बँकेचे किंवा मोठ्या बँकेचे नाव, करोनाचा संदर्भ, आणि कागदपत्राचे नाव धारण करणारी झिप फाइल, जिच्या पोटात जावा भाषेतला प्रोग्राम. तिन्ही ठिकाणी फसवणाऱ्याने अद्भुत काही रचले नाही. रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक बँकेत येतेच, रेझ्युमे मनुष्यबळ विभागात येतोच. ज्याचे कामच अशा फाइली उघडणे आहे त्याला ‘उघडू नका’ सांगून काय उपयोग?

ओळखीच्या नावाचा आधार किती डळमळीत आहे हे महाराष्ट्रातल्या एका गाजलेल्या खटल्यातही पुढे आले. एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीच्या संगणकाची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने केली. जून २०१६ मध्ये परिचिताच्या खात्यावरून आलेल्या मेलमधली फाइल उघडल्यावर हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला, असा निष्कर्ष तिच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही आणि त्याचा फैसला न्यायालयातच व्हायचा आहे. इथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच की ओळखीच्या पत्त्यावरून आलेली एक फाइल आज फौजदारी खटल्यातला वादाचा मुद्दा होऊ शकते.

आता आपल्या रोजच्या, खऱ्या, कायदेशीर फाइली कशा येतात ते जवळून पाहू. विषयाच्या जागी ‘डॉक्युमेंट्स’ किंवा तीन महिन्यांपूर्वीच्या भलत्याच मेलचे ‘आरई’. मजकुरात ‘पीएफए’. फाइलीचे नाव ‘स्कॅन०००१.पीडीएफ’. कधी झिप, आणि त्याच मेलच्या तळाशी तिचा पासवर्ड. फसवणूक करणारा माणूस जे मेल पाठवतो त्याचे वर्णन करायला सांगितले तर हेच वर्णन करावे लागेल. पासवर्डचा प्रकार तर विशेष विचार करण्याजोगा आहे. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत मेल सेवेच्या विषाणू-चाळणीला पाहता येत नाही. म्हणूनच ‘एमोटेट’सारख्या टोळ्यांनी २०२० मध्ये हीच पद्धत उचलली, पासवर्ड त्याच मेलमध्ये देऊन. पासवर्ड त्याच पत्रात असेल तर ते पत्र चुकीच्या हाती पडल्यावर कुलूप निरुपयोगी होते, आणि चाळणीही आंधळी होते. नुकसान दोन्हीकडून. डाउनलोड केलेल्या ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष लागते. ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यापुढे जन्मवर्षाचे जेमतेम शंभर पर्याय उरतात, आणि वयाचा अंदाज असेल तर दहा. आयकर विवरणाच्या पोचपावतीला पॅन क्रमांक आणि जन्मतारीख लागते. पण सीएला पाठवलेल्या त्याच मेलमध्ये पॅन कार्डाची प्रतही जोडलेली असते आणि त्यावर जन्मतारीख छापलेली असते. कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड हे सारे ग्राहकांना वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत की पासवर्ड लावलेली, स्वतःहून आलेली फाइल ही विश्वासाची खूण. ती सवय फसवणाऱ्याने लावली नाही, आपल्या प्रतिष्ठित संस्थांनीच लावली, आणि याबद्दल त्यांना जाब विचारला पाहिजे.

फाइलीतून आत येणाऱ्या धोक्याची चर्चा इतकी होते की फाइलीतून बाहेर जाणाऱ्या माहितीकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते उपनगरातल्या सामान्य कुटुंबाला दुसऱ्या प्रकारची झळ अधिक बसते. सोसायटीच्या चिटणिसाने १२० सभासदांना सभेची सूचना ‘सीसी’मध्ये पत्ते टाकून पाठवली, की प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाकडे जातो, त्यातल्या एकाचे खाते फोडले गेले की सगळी इमारत फसवणाऱ्याच्या यादीत येते. ‘बीसीसी’चा रकाना त्यासाठीच आहे. थकबाकीदारांची एक्सेल पाठवताना शेजारच्या टॅबमध्ये सगळ्यांचे फोन क्रमांक राहून जातात. लपवलेल्या ओळी लपत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अफगाण अर्जदारांची यादी मेलने पाठवली. आपण सुमारे १५० नावे पाठवत आहोत असा त्याचा समज होता. त्या तक्त्यात जवळपास १९ हजार लोकांची माहिती होती. ज्यांना तालिबानपासून लपायचे होते त्यांची नावे एका जोडलेल्या फाइलीतून फुटली, आणि हे प्रकरण जनतेपुढे आले ते जुलै २०२५ मध्ये. पीडीएफवर काळी पट्टी ओढून आधार क्रमांक झाकणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की अनेक ॲपमध्ये ती पट्टी वर चिकटवलेली असते, खालचा मजकूर तसाच असतो, कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. आधार द्यायचाच असेल तर शेवटचे चार आकडे तेवढे दाखवणारी मास्क्ड प्रत ई-आधार देणाऱ्या संकेतस्थळावरूनच मिळते. मे २०२२ मध्ये आधारच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारच्या प्रती सर्रास वाटू नका, मास्क्ड प्रत द्या, असे सांगितले आणि दोनच दिवसांत सरकारने ती सूचना चुकीचा अर्थ निघेल म्हणून मागे घेतली. सूचना गेली, तरी सल्ला शहाणपणाचाच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती हाताळणाऱ्याची त्यातली व्याख्या इतकी व्यापक आहे की सोसायटीचे कार्यालय किंवा लहानशी क्लासेसची शाखा आपोआप तिच्या बाहेर राहील असे मानायला जागा नाही.

तिसरा प्रकार असा आहे की त्यात फाइल अगदी स्वच्छ असते. सीप्झ हे निर्यातक्षेत्र १९७३ पासून अंधेरीत आहे. तिथले आणि आसपासचे दागिने, यंत्रभाग, औषधे विकणारे व्यापारी परदेशी गिऱ्हाइकाशी सगळा व्यवहार मेलवर करतात. फसवणारा दोघांपैकी एकाच्या मेलमध्ये शिरतो, आठवडेच्या आठवडे नुसता वाचत बसतो, आणि पैसे भरायची वेळ आली की खऱ्यासारखाच इन्व्हॉइस पाठवतो; बदल फक्त बँक खात्याच्या ओळीत. सोबत एक वाक्य: आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, या वेळी या खात्यावर भरा. मेल पत्त्यात एखादे अक्षर बदललेले असते, कधी तेही नसते. फाइलीत विषाणू नाही, त्यामुळे कोणतीही चाळणी तिला अडवणार नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा फसवणुकीच्या तक्रारींतून २९० कोटी डॉलरचे नुकसान नोंदले गेले. आपल्याकडे खात्यात पैसे जमा होताना खाते क्रमांक पाहिला जात असे, नाव जुळवले जात नसे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी लाभार्थ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय करायला बँकांना सांगितले, ही उशिराने का होईना मोठी सुधारणा आहे. परदेशी व्यवहारात मात्र एकच उपाय खात्रीचा: खाते बदलल्याचे पत्र आले की मेलला उत्तर द्यायचे नाही, त्या मेलमधल्या नंबरवर फोनही करायचा नाही, आपल्या जुन्या वहीत असलेल्या नंबरवर बोलायचे. यातही पाठवणाऱ्याचे काम पहिले आहे. ज्या निर्यातदाराने पहिल्याच करारात ‘आमचे बँक खाते मेलवरून कधीही बदलले जाणार नाही’ असे लिहून दिले, त्याच्या गिऱ्हाइकाला खोटा इन्व्हॉइस ओळखायला फारशी हुशारी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञांचा असतो: हे सगळे यंत्रे पाहून घेतील. यंत्रांनी खूप केले आहे हे मान्यच करायला हवे. जीमेल चालणारे प्रोग्राम जोडूच देत नाही. २०१७ पासून जावास्क्रिप्टच्या फाइलीही नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेलमधली मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम) आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, आणि मेलिसापासून चालत आलेली ती वाट खरोखरच अरुंद झाली. पण त्यानंतरच्या वर्षभरात हल्लेखोर आयएसओ फाइली, शॉर्टकटच्या फाइली आणि वननोटच्या वह्यांकडे वळले. एक दार बंद झाले की शेजारची खिडकी, हा क्रम थांबलेला नाही. शिवाय सगळे विषाणू मेलमधून येतात असेही नाही. जून २०१७ मध्ये जेएनपीटीतल्या मर्स्कच्या टर्मिनलचे काम ज्या ‘नॉटपेट्या’ने ठप्प केले, तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला होता. तेव्हा संगणक अद्ययावत ठेवणे, महत्त्वाच्या फाइलींची जोडणी तोडून ठेवलेली प्रत असणे, ही कामे मेलच्या शिस्तीने टळत नाहीत.

दुसरा आक्षेप प्रशिक्षणाचा. लोकांना शिकवा, खोटे मेल पाठवून त्यांची परीक्षा घ्या, मग ते चुकणार नाहीत. झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने प्रयोग केला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. परीक्षेच्या मेलला फसलेल्या माणसाला लगेच धडा वाचायला लावण्याची जी सर्वत्र रूढ पद्धत आहे, तिने लोक अधिक सावध झाले नाहीत. मात्र संशयास्पद मेल कळवण्याचे साधे बटण दिले तेव्हा कर्मचाऱ्यांनी ते महिनोन्महिने वापरले आणि खोटे मेल पहिल्या काही मिनिटांतच पकडले जाऊ लागले. व्हेरायझन कंपनीच्या २०२४ च्या अहवालानुसार मेल उघडल्यापासून खोट्या लिंकवर क्लिक होईपर्यंतचा मध्यक काळ फक्त २१ सेकंद आहे. इतक्या वेळात उजळणी करून निर्णय घ्यावा अशी अपेक्षा दिवसाला शंभर मेल हाताळणाऱ्या लेखनिकाकडून करणे अन्यायाचे आहे. एकट्याची सावधगिरी सुटणारच. शेजारच्या टेबलाला वेळेत सांगण्याची व्यवस्था हवी, आणि सांगणाऱ्याला बोलणी बसणार नाहीत याची हमी हवी. ज्या कार्यालयात चूक कबूल केल्यावर पगार कापला जातो तिथे चूक संध्याकाळपर्यंत दडवली जाते, आणि ते काही तासच महाग पडतात.

तिसरा आक्षेप आजच्या पिढीचा: फाइल जोडायचीच कशाला, ड्राइव्हची लिंक द्या किंवा व्हॉट्सॲपवर टाका. लिंकचे फायदे खरे आहेत. पाठवल्यानंतर परवानगी काढून घेता येते, एकाच प्रतीवर सगळे काम करतात, जीमेलची २५ एमबीची मर्यादा आड येत नाही. पण ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी ठेवलेली लिंक म्हणजे उघडी फाइलच, आणि लॉगिनचे खोटे पान दाखवून पासवर्ड काढून घेणे लिंकमधूनच सोपे जाते. व्हॉट्सॲपवर तर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने एपीके फाइली फिरतात. त्या पत्रिका नसून फोनमध्ये बसणारी ॲप असतात. पत्रिका किंवा चलन कधीही एपीके नसते, एवढे घरातल्या ज्येष्ठांना एकदा नीट दाखवून ठेवावे. माझा कौल असा: एकाच कार्यालयात चालू असलेल्या कामासाठी, नाव घालून परवानगी दिलेली लिंक, बाहेरच्या माणसाला द्यायच्या आणि नोंद म्हणून राहायच्या कागदासाठी जोडलेली पीडीएफ, आणि सरकारी दाखल्यांसाठी शक्य तिथे डिजिलॉकर, कारण तिथला दाखला मूळ प्रतीइतकाच कायदेशीर मानला जातो आणि प्रती वाटत फिरावे लागत नाही.

फाइल नीट पाठवण्याचे कौशल्य यातूनच सुरू होते. अक्षरांत रूपांतर होताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून २० एमबीची फोटोंची फाइलही परत येऊ शकते. फोनने काढलेले कागदाचे सहा फोटो सुटे जोडण्याऐवजी स्कॅनच्या ॲपमध्ये एकच पीडीएफ केली तर आकार घटतो आणि पानांचा क्रम टिकतो. मराठीचा एक खास प्रश्न आहे आणि तो मुद्रक, प्रकाशक, शाळा, जुनी कार्यालये यांना आजही छळतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. ती वर्ड फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. वाचण्यापुरती पाठवायची असेल तर फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ, पुढे संपादन व्हायचे असेल तर युनिकोडमधली वर्ड फाइल, हा नियम पाळला तर अर्धी फोनाफोनी वाचेल. आणि सुरक्षेशी त्याचा थेट संबंध आहे: फाइल उघडत नाही म्हणून कोणी तरी ‘हा फॉन्ट बसवा’ किंवा ‘एडिटिंग चालू करा’ असे सांगते, आणि वर्डच्या पिवळ्या इशारापट्टीवर डोळे मिटून क्लिक करायची सवय तिथेच लागते. फाइलीच्या नावात कोण, काय आणि कधी हे असावे: ‘अ-विंग_देखभाल-बिल_२०२५-जुलै.पीडीएफ’. मजकुरात दोन ओळी पुरतात: तुम्ही सोमवारी फोनवर मागितलेली थकबाकीची यादी जोडली आहे, दोन पानांची पीडीएफ, फक्त वाचण्यासाठी, पासवर्ड नाही. या दोन ओळींत अशी माहिती आहे जी फसवणाऱ्याकडे सहसा नसते. सोमवारचा फोन त्याला ठाऊक नसतो. प्रत्येक खरा मेल असा येऊ लागला की नुसते ‘पीएफए’ लिहिलेला मेल आपोआप वेगळा दिसतो, उघडणाऱ्याला पोलिसाची नजर लागत नाही.

एवढा वेळ आहे कोणाकडे, हा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. तीन माणसांचे सीए कार्यालय, मानधनही न घेता काम करणारा सोसायटीचा चिटणीस यांच्यावर आणखी नियम लादायचे का? मी हिशेब उलटा मांडेन. पाठवणाऱ्याचा एक मिनिट १२० घरांचे १२० संशय वाचवतो. शिवाय सरकारने काही बाबतींत ओझे पाठवणाऱ्याकडे आधीच वळवले आहे आणि त्याचा परिणाम चांगला आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असावा लागतो आणि तो ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन न करता तपासता येतो. ‘आयकर नोटीस’ नावाची फाइल आली तर ती उघडायची की नाही या विवंचनेत पडण्याचे कारणच उरत नाही; आपल्या हाताने संकेतस्थळ टाइप करायचे आणि नोटीस तिथे आहे का ते पाहायचे. बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या, महापालिका यांनी याच धर्तीवर प्रत्येक फाइलीला तपासता येणारा क्रमांक द्यावा आणि जन्मवर्षाचे पासवर्ड बंद करावेत, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरण्याजोगी आहे. सोसायटीपुरते सांगायचे तर चिटणिसाच्या खाजगी खात्याऐवजी सोसायटीच्या नावाचे स्वतंत्र खाते, दोन टप्प्यांचे लॉगिन, आणि समिती बदलली की पासवर्ड बदलणे, एवढे पहिल्या सभेत होऊ शकते.

इतके करूनही नको ती फाइल उघडली जाईलच. तेव्हा पहिले काम संगणकाचे वायफाय बंद करणे किंवा केबल काढणे, दुसरे काम दुसऱ्या उपकरणावरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलणे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन, कारण पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी गोठवण्याची संधी सुरुवातीच्या तासांतच असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर आणि आपल्या विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार. कंपन्यांना तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावीच लागते. या गडबडीत भीतीने किंवा लाजेने तो मेल डिलीट केला जातो, आणि पुढचा तपास तिथेच अडतो. मेल दुसऱ्याला फॉरवर्ड करणे हाही उपाय नाही, कारण फॉरवर्ड करताना तो कोणत्या वाटेने आला याच्या मूळ नोंदी मागे राहतात. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून मूळ संदेश जसाच्या तसा उतरवून घेता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात त्या फाइलीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ठसा, नोंदवावे लागते, आणि एका अक्षराचा फरक पडला तरी ते मूल्य बदलते. म्हणून फाइल पुन्हा उघडायची नाही, नाव बदलायचे नाही, मेल इनबॉक्समधून हलवायचा नाही. तपास अधिकाऱ्याने प्रत घेईपर्यंत तो होता तिथेच राहू द्यायचा.